तिफन्या आडवा जात नाही

आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी ओमप्रकाशजी यांना माझ्या कुत्र्याने रानडुक्कर समजून अर्धा किलोमीटर पळवलं, तिथून हे सगळं सुरू झालं. अर्धा किलोमीटर हे ओमप्रकाशजींचं माप. माझ्या मते दोनशे फूट. पण पळणारा आणि पाहणारा यांच्या मोजमापात असा फरक पडतोच, आणि मी त्याबद्दल त्यांना दोष देत नाही.

यात चूक कोणाची, हे मात्र शांतपणे पाहिलं पाहिजे. करोनाचं पहिलं वर्ष सरून जानेवारी लागलेला. सकाळचे साडेसहा, अकोल्यात सहसा न पडणारं धुकं पडलेलं. ओमप्रकाशजींच्या अंगात राखी ट्रॅकसूट, डोक्यावर राखी कानटोपी, तोंडाला काळा मास्क. अशा अवतारात ते कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटमधून मान खाली घालून, नाकाने फुसफुस आवाज काढत चालले होते. त्याला ते प्राणायाम म्हणतात. आता तिफन्या पडला बार्शीटाकळीकडचा, वावरात वाढलेला कुत्रा. धुक्यातून मान खाली घालून फुसफुसत येणारं राखी रंगाचं काहीही पिकात घुसू द्यायचं नाही, हे त्याच्या अंगात भिनलेलं. प्लॉटमध्ये पीक नव्हतं, नुसती बेशरमाची झाडं होती. पण कर्तव्याच्या बाबतीत त्याने तो भेद केला नाही.

तिफन्या तसा माझा नव्हे. तो माझ्या साळ्याचा, रामरावचा. पेरणीच्या दिवसांत वावरात उभ्या केलेल्या तिफणीखाली जन्मला म्हणून त्याचं नाव तिफन्या. लागोपाठ तीन हंगाम बोंडअळीने कापूस फस्त केल्यावर रामरावने बैलजोडी विकली आणि वावर वर्षभरासाठी ठोक्याने दुसऱ्याला कसायला दिलं. बैल गेले त्या दिवसापासून कुत्र्याने भाकरीला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी रामराव त्याला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून आमच्या दारात हजर झाला.

"भाऊजी, याले माणसात ठेवा," तो म्हणाला. "तिथं रिकाम्या गोठ्याकडं तोंड करून बसून रायते दिवसभर. मले पायवत नाही."

रामराव मोजकं बोलणारा माणूस. त्याच्या हिशेबाने हे व्याख्यानच झालं. गोदाबाईने, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने आणि माझ्या एकुलत्या एका बायकोने, कुत्र्यापुढे दूधभाकर ठेवली. तो हुंगून दूर झाला. मग दिवसभर कॉलनीत माणसं येताना-जाताना, पोरं ओरडताना, भाजीवाल्याची गाडी फिरताना पाहत बसला आणि संध्याकाळी सगळी भाकर खाल्ली. तेव्हापासून तो आमचा.

आणि आता ओमप्रकाशजींनी सभा बोलावली होती. ते पूर्वी एका कचेरीत आस्थापना विभागात होते. निवृत्त होताना त्यांनी खुर्ची सोडली, पण आस्थापना बरोबर घरी आणली. सभा मोकळ्या प्लॉटमध्येच, सहा-सहा फुटांवर खुर्च्या मांडून झाली. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण माझं एक मत कोणी मोजलं नाही. कॉलनीत अप्रशिक्षित श्वान ठेवता येणार नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारपर्यंत प्रशिक्षित असल्याचा लेखी दाखला सादर करावा, अन्यथा श्वानास बाहेर पाठवावे. बाहेर म्हणजे कुठे, हे ठरावात नव्हतं. ते मला आणि गोदाबाईला ठाऊक होतं. त्या रिकाम्या गोठ्यापुढे. या वेळी उपास चार दिवसांवर भागेल, याची खात्री नव्हती.

दाखला म्हटला की मराठी माणूस आधी कचेरीत जातो. मी पण गेलो. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही. मी पेन्शनर आहे. खिडकीतल्या बाबूने एक अर्ज दिला. त्यात पहिलाच रकाना: श्वानाची जात.

"गावरान," मी म्हणालो.

"यादीत नाही," बाबू म्हणाला.

"बापा, तुमच्या यादीत नसन, पण गावात तोच हाय सगळीकडं."

"यादीत जर्मनीपासून जपानपर्यंत बेचाळीस जाती हायेत काकाजी. त्यातली एखादी सांगा, मी लिवून घेतो."

मी खिडकीपलीकडे पाहिलं. बाबूच्या खुर्चीखालीच एक गावरान कुत्रा झोपला होता, यादीत नसूनही. मी परत आलो.

शेवटी तोडगा काढला आमच्या किशोरने. किशोर म्हणजे आमचा मुलगा, पुण्यात असतो आणि आम्हाला फोनवरून सांभाळतो. त्याने कुठून तरी एक ऑनलाइन वर्ग शोधून माझं नाव घातलं. कुत्र्यांना अडथळ्यांवरून उड्या मारायला, बोगद्यातून पळायला, काठ्यांमधून नागमोडी धावायला शिकवायचं. या विद्येला अ‍ॅजिलिटी म्हणतात. पाच रविवार वर्ग, शेवटच्या रविवारी प्रात्यक्षिक, पास झाल्यास दाखला. तारखा अशा जुळल्या की शेवटचा रविवार आणि ओमप्रकाशजींची मुदत एकाच दिवशी.

मला मोबाइलवर फोन घेता येतो आणि ठेवता येतो. त्यापलीकडे मी जात नाही. म्हणून शेजारच्या फरजानाबाईंना बोलावलं. त्या उर्दू शाळेत मास्तरीण. वर्षभर मोबाइलवर पोरं हाकून त्यांचा आवाज बसला होता आणि हात बसला होता. त्यांचे यजमान कुर्बानभाई गाद्या-रजया शिवतात. ते न बोलावता आले.

पहिल्या रविवारी दहाला पडद्यावर खिडक्या-खिडक्या उघडल्या आणि प्रत्येकीत एक माणूस आणि एक कुत्रा. पुण्याच्या आरती मॅडम हसून म्हणाल्या, "आज आपण कसरत करायची नाही. आज फक्त ओळख. स्वतःचं नाव, आपल्या बाळाचं नाव आणि त्याची एक खासियत."

"बाळाचं?" मी फरजानाबाईंना हळूच विचारलं. "किशोर बेचाळीसचा हाय."

"कुत्र्याचं विचारून राहिल्या," त्या म्हणाल्या.

पहिल्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "नमस्कार, मी मफिनची मम्मा." मफिन हा लॅब्राडोर, त्याला गहू चालत नाही. दुसऱ्या खिडकीत नाशिकचे एक दातांचे डॉक्टर. त्यांच्या स्कायला त्यांच्या मनातलं सगळं कळतं. (स्काय त्या वेळी तोंड दुसरीकडे करून बसला होता, त्यावरून मला ते खरं वाटलं.) तिसरीकडे ठाण्याचं जोडपं आणि दोन बीगल. "भावंडांत थोडी असूया आहे, आम्ही समुपदेशन घेतोय," ते म्हणाले. गोदाबाई तुरीच्या शेंगा सोलत मागून डोकावली. "बापा! एवढ्या लोकायले कुत्रे झाले, न् एकानंही बारशाले बोलावलं नाही," म्हणाली आणि आत गेली.

मग अमरावतीच्या आशाबाई. निवृत्त परिचारिका. मांडीवर रस्त्यावरची एक कुत्री. "ही गुंडी," त्या म्हणाल्या. "एक पाय कमी आहे. बाकी ठीक." एवढंच. मला बरं वाटलं. म्हटलं, आपणही असंच साधं, खरं बोलावं.

आणि मी बोललो. मी देवीदास, तेहेतीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवली. हा तिफन्या, वावरातला. ह्याचे बैल गेले. इथे ह्याला राहू द्यावं एवढंच मागणं आहे. तीन मिनिटं बोललो. संपल्यावर पाहिलं तर सगळे तसेच हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत होते.

"देवीदासभाऊ," फरजानाबाई म्हणाल्या, "तुमचा आवाज बंद होता."

आरती मॅडमही म्हणाल्या, "काका, काही ऐकू आलं नाही. पुन्हा सांगता का? थोडक्यात?"

एकच खरं दोनदा सांगण्याची मला सवय नाही. त्यातून तो मफिन, तो मनकवडा स्काय. आणि "थोडक्यात" हा शब्द मला लागला. फरजानाबाईंनी आवाज सुरू केला आणि माझ्या तोंडून निघालं, "हा तिफन्या. मेळघाटी शिकारी."

"मेळघाटी?" मॅडम पुढे सरकल्या.

"धारणीच्या पुढच्या जंगलात ही जात. आता दोनच जोड्या उरल्या. याच्या आज्याले वाघ रस्ता सोडून द्याचा. सहा फुटी कुंपण हा उभ्या जागेवरून ओलांडते. वेग म्हणाल, तर धारणीची बस घाटात याच्या मागं रायते." धारणीची बस घाटात कोणाच्याही मागे राहते, हे मी सांगितलं नाही.

पडद्यावर तिफन्याने एक जांभई दिली आणि आडवा झाला.

"ताकद साठवून ठेवते तो," मी म्हणालो.

"दादा," आशाबाईंचा आवाज आला, "मी धारणीत नऊ वर्षं नोकरी केली. मी नाही पाहिला असा कुत्रा."

"बाई, तो दिसत नाही. तीच त्याची खासियत."

मॅडमना आनंद झाला. देशी, दुर्मिळ जात! त्यांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं की शेवटच्या रविवारी प्रात्यक्षिकाची सुरुवात तिफन्यापासून होईल, आणि तेही सगळ्यांत कठीण प्रकाराने, बारा काठ्यांतून नागमोडी. कुर्बानभाईंनी कपाळावर हात मारला. "भाऊ, खरं बोलले तवा आवाज बंद, खोटं बोलले तवा चालू. मशीन भी पहचानता है आपको."

तयारीला लागलो. घरोघरी सल्ले तयारच होते. माणिकबाई म्हणाल्या, कुत्र्याची दृष्ट काढा. पी.टी.चे निवृत्त मास्तर उत्तमराव रोज सकाळी येऊन शिट्टी वाजवत; तिफन्या ढिम्म हलत नसे, पण कॉलनीतले चार-पाच त्यांचे जुने विद्यार्थी, आता पन्नाशीतले, नकळत गच्चीवर सावधान उभे राहत. बोगदा कुर्बानभाईंनी शिवला. गादीचं पट्टेरी कापड, आत सायकलच्या जुन्या रिमा. काम असं देखणं झालं की तिफन्या आत गेला आणि दोन तास बाहेर आला नाही. कुर्बानभाईंनी वाकून पाहिलं, त्याला खाली टोचत असेल असं त्यांना वाटलं आणि त्यांनी थोडा कापूस भरला. दुसऱ्या दिवशी तिफन्याने आपली भाकर आत नेली. अशा रीतीने त्याला स्वतःचं घर झालं आणि आमचा बोगदा गेला.

उडीसाठी तुषार सिंचनाचा जुना पाइप दोन विटांच्या थप्प्यांवर ठेवला. तिफन्या त्याच्या खालून गेला. तारेच्या कुंपणाखालून जन्म काढलेला कुत्रा, वरून का जाईल? आम्ही पाइप खाली आणत गेलो. शेवटी तो जमिनीवर ठेवला, तेव्हा तिफन्याने शांतपणे त्यावरून पाय टाकला. "प्रगती आहे," फरजानाबाई म्हणाल्या. त्यांच्या शाळेत असंच लिहायची पद्धत असावी.

पण खरी गोष्ट काठ्यांची. वर्गात दाखवलेल्या काठ्या रंगीत, परदेशी. आपल्याकडे काय कमी आहे, म्हणून मी ऑटोभर पऱ्हाट्या आणवल्या. कापूस वेचून झाला की उपटलेली ती वाळकी, हातभराहून उंच झाडं. वऱ्हाडात त्यांचा तुटवडा कधी पडत नाही. त्यांतल्या सरळ बारा निवडून मोकळ्या प्लॉटमध्ये एका ओळीत रोवल्या. कुत्र्याने पहिलीच्या उजवीकडून शिरायचं, दुसरीच्या डावीकडून निघायचं, असं शेवटपर्यंत.

तिफन्याने ओळ पाहिली आणि त्याचे कान उभे राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी भाकरीचा तुकडा पुढे धरून "चाल" म्हटलं. तो ओळीच्या कडेकडेने, सरळ, मान खाली घालून, ठरावीक चालीने बाराव्या पऱ्हाटीपर्यंत गेला. टोकाला वळला. दुसऱ्या बाजूने तसाच सरळ परत आला. आणि पुन्हा वळला. दोन पऱ्हाट्यांमधून आडवा काही शिरेना. भाकर दाखवली, गूळ दाखवला, कुर्बानभाईंच्या घरच्या सालनातला मटणाचा तुकडा दाखवला. त्याने आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्याला मंदिरात चप्पल घालून जायला सांगत होतो.

तीन रविवार हेच. मॅडम म्हणाल्या, "काका, आधी तुम्ही करून दाखवा. कुत्री बघून शिकतात." मी अडुसष्ट वर्षांचा आहे. तरी एका सकाळी, कोणी उठलेलं नाही असं पाहून, हातापायांवर रांगत पऱ्हाट्यांमधून निघालो. पाचव्या पऱ्हाटीला लेंग्याची नाडी अडकली. पऱ्हाटीला वाळकी बोंडं असतात, त्यांची टोकं बाभळीच्या काट्याची बरोबरी करतात. पुढेही जाता येईना, मागेही. तिफन्या शेजारी बसून पाहत होता. आणि गच्चीवरून ओमप्रकाशजी चित्रण करत होते. दुपारपर्यंत ते कॉलनीच्या समूहावर फिरलं, खाली ओळ: 'देवीदासजी प्रशिक्षण घेताना. श्वानाची प्रतीक्षा आहे.'

"तो शिकला का?" गोदाबाईने पाठीला तेल लावताना विचारलं.

"नाही."

"मंग तो तुमच्याहून शायना हाय." आणि थोड्या वेळाने, आवाज बदलून, "रामाले सांगून ठेवते. कुत्रा परत येऊन राहिला म्हणा."

तिने खरंच फोन केला. शेवटच्या रविवारी सकाळी आठलाच रामरावची मोटारसायकल दारात. हातात दावं. कुत्रा न्यायला आला होता. तिफन्या बोगद्यातून असा सुटला की सबंध बोगदा त्याच्या अंगाभोवती घेऊन आला आणि रामरावच्या पायात कोसळला. रामरावने त्याला कापडातून सोडवलं, कानामागे खाजवलं. चहा घेतला. मग तो प्लॉटकडे गेला आणि त्याला ती ओळ दिसली.

"हे काय पेरलं भाऊजी?"

मी सगळं सांगितलं. तिफन्याला पऱ्हाट्यांतून आडवं घालायचं आहे, तो जात नाही.

रामराव माझ्याकडे पाहतच राहिला. "कसा जाईन? डवऱ्याचे बैल चालत, त्यायच्या पुढं हा चाले. दोन तासांच्या मंधातून. टोकाले वळाचं न् दुसरं तास धराचं. लहाना असताना एकदा आडवा गेला, चार झाडं मोडली. मी चाबूक आपटला जमिनीवर. बस, एकदाच. त्यानंतर यानं जन्मात तास ओलांडलं नाही." डवरा म्हणजे पिकातलं तण काढायचं कोळपं, आणि तास म्हणजे पिकाची ओळ. तो जरा थांबून म्हणाला, "तुमी त्याले एक महिना पीक मोडाले सांगून राहिले."

खरं सांगतो, तिफन्याच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी हिंमत झाली नाही.

रामराव मात्र विचारात होता. "टोकाले वळून आला तं चालन का तुमच्या मॅडमले?"

"कसं?"

त्याने चपला काढल्या, ऑटोभर आणलेल्या उरलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाकडे गेला आणि रोवायला लागला. माझ्या प्रत्येक पऱ्हाटीच्या मागे, पावलाने अंतर मोजत, आणखी तीन. अशी बारा तासं झाली, प्रत्येक चार पऱ्हाट्यांचं. दोरी नाही, फूटपट्टी नाही. पण एकही पऱ्हाटी केसभर हलली नव्हती. मी ओळीच्या समोर, मधोमध उभा राहून पाहिलं आणि टाळीच वाजवली. समोरून पाहिलं की प्रत्येक तासातल्या मागच्या तिन्ही पऱ्हाट्या पुढचीच्या आड लपत होत्या. दिसत होत्या फक्त बारा काठ्या, एका ओळीत. तिफन्या पहिल्या दोन तासांमधून मागे जाणार, टोकाला वळणार, पुढच्या दोहोंमधून समोर येणार, पुन्हा वळणार. समोरून पाहणाऱ्याला तो बारा काठ्यांतून नागमोडीच दिसणार!

मी मोबाइलसाठी जागा आखली. खडूने.

दहा वाजले. फरजानाबाई मोबाइल घेऊन खडूच्या खुणेवर. ओमप्रकाशजी प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर फाइल. निम्मी कॉलनी मास्क लावून कडेला. पडद्यावर मफिन, स्काय, बीगल, गुंडी आणि आरती मॅडम.

रामराव तिफन्याच्या मागे उभा राहिला. दोन्ही हात पुढे, जणू डवऱ्याचं रुमणं मुठीत धरलंय. जीभ टाळूला लावून त्याने एक आवाज काढला, बैलांना काढतात तसा. तिफन्या निघाला.

मी अनेक गोष्टी वाढवून सांगतो. ही वाढवता येत नाही. मान खाली, शेपूट स्थिर, तो पहिल्या दोन तासांमधून गेला, वळला, आला, वळला. मागे रामराव, अनवाणी. एक बोंड हललं नाही. शेवटच्या तासाला दोघंही थांबले, आणि रामरावने नसलेल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवायला म्हणून हात पुढे केला आणि मागे घेतला.

पडद्यावर टाळ्या झाल्या. "अप्रतिम!" मॅडम म्हणाल्या. "इतका शांत कुत्रा मी पाहिला नाही. एक चूक नाही! काका, फक्त एकदा बाजूने दाखवाल?"

मी फरजानाबाईंना खुणावलं: नेटवर्क गेलं म्हणा.

"देवीदासभाऊ," त्या म्हणाल्या, "पंचवीस साल नौकरी झाली माझी. कॉपी मी पकडते, करत नाही." आणि मोबाइल घेऊन सरळ बाजूला चालत गेल्या.

पडद्यावर अठ्ठेचाळीस पऱ्हाट्या आल्या. कुर्बानभाईंनी पुढे होऊन आधी माझा आवाज सुरू असल्याची खात्री केली, मग म्हणाले, "आता बोला."

मी बोललो. मेळघाट नाही, वाघ नाही, आजा नाही. पहिल्या दिवशी आवाज बंद असताना जे बोललो होतो तेच, फक्त जरा थोडक्यात.

"म्हणजे धारणीचा नाही न तो?" आशाबाईंनी विचारलं.

"नाही बाई. बार्शीटाकळीचा."

"तरीच दिसला."

मॅडम म्हणाल्या, "काका, मला दाखला देता येणार नाही. काठ्या बाराच हव्यात. नियम आहे." त्यांचा आवाज मऊ होता, पण नियम नियमच. "ते मागून चालणारे कोण? आपल्या वर्गात सगळ्यांनी ओळख करून द्यायची असते."

रामराव मोबाइलपुढे आला. पुढे एवढी माणसं आणि एवढी कुत्री एकदम पाहून जरा गडबडला. "मी रामराव," तो म्हणाला. "हा तिफन्या." खासियत सांगायची राहिली, हे फरजानाबाईंनी त्याला खुणेने सांगितलं. त्याने विचार केला. "हा कोणाच्या पिकातून आडवा जात नाही."

मफिनची मम्मा डोळे पुसत होती. मी मान खाली घातली. रामरावने दावं खांद्यावरून काढलं आणि तिफन्याच्या गळ्यात अडकवलं.

तेवढ्यात ओमप्रकाशजींनी फाइल उघडली.

"थांबा," ते म्हणाले. "ठराव काय आहे, तो वाचल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही." त्यांनी चष्मा लावून ठराव सगळा वाचला, तारखेपासून. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "'प्रशिक्षित असल्याचा लेखी दाखला.' दाखला कोणाचा, ते लिवलेलं नाही. दाखला प्रशिक्षकानं द्यावा, ही कचेरीची सर्वसाधारण रीत. याले शिकवलं कोणं?"

तिफन्या रामरावकडे पाहत होता, तेच उत्तर धरून ओमप्रकाशजींनी फाइलमधून एक कोरा कागद काढला. "लिवा. मजकूर मी सांगतो. 'दाखला देण्यात येतो की, तिफन्या नावाचा श्वान...'"

रामरावने लिहिलं. अक्षर मोठं, टपोरं. 'पिकातून आडवा जात नाही' हे त्याने स्वतःहून घातलं. ओमप्रकाशजींनी राहू दिलं. सही झाली.

"हुद्दा?" ओमप्रकाशजी म्हणाले. "सहीखाली हुद्दा लागते."

रामराव पेन धरून बसला. मी पटकन दोन-तीन सुचवले: मुख्य प्रशिक्षक, वऱ्हाड विभाग, श्वानविद्या विशारद. त्याने माझं ऐकून घेतलं. मग वाकून, पऱ्हाटी रोवावी तसं एकेक अक्षर जागेवर बसवत लिहिलं: कास्तकार.

ओमप्रकाशजींनी वाचलं. चष्म्यावरून वर पाहिलं. "बैल विकले म्हणता न तुमी? वावर ठोक्यानं दिलं?"

"पाडव्याले सरते ठोका," रामराव म्हणाला.

कडेला चहा वाटणाऱ्या गोदाबाईच्या हातातलं भांडं थांबलं. वावर पुन्हा तो स्वतः कसणार, हे तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. बहुधा त्या क्षणापर्यंत रामरावलाही नसावं.

"मग दाखल्याची मुदत काय टाकू?" ओमप्रकाशजींनी विचारलं. "मुदतीशिवाय मी शिक्का मारत नाही."

रामरावने तिफन्याच्या गळ्यातलं दावं सोडून घडी केलं आणि माझ्या हातात दिलं.

"पाडव्यापावतर टाका," तो म्हणाला. "मंग तो कामावर जाईन."